'डायरेक्ट'च्या नावाखाली एवढी माणसं येतात कुठून? पानवार सोर्स कसा काढायचा?

इतवारीचा_डबा

नमस्कार मंडळी. नागपूरच्या इतवारीत संत्रा बर्फी आणि सावजी मसाल्याचं छोटं दुकान आहे, त्याची साइट वर्डप्रेस-वूकॉमर्सवर, शेअर्ड होस्टिंगवर. जीए४ (गूगल ॲनालिटिक्स ४) आणि गूगलचं सर्च कन्सोल दोन्ही जोडलेलं आहे. तरी एक गोष्ट काही केल्या उलगडत नाही: कोणत्या पानावर माणसं नेमकी कुठून येतात?

हिवाळी अधिवेशनाच्या आठवड्यात 'सावजी रस्सा घरी कसा करावा' हे पान एकदम वर गेलं. जीए४ म्हणतं, त्यातले निम्म्याहून जास्त 'डायरेक्ट'. त्या पानाचा पत्ता वीतभर लांब आहे. तो कोणी हाताने टाइप करत असेल हे पटत नाही.

दुसरं, एका स्थानिक बातम्यांच्या पोर्टलवर आमचा उल्लेख आला म्हणे. रेफरलमध्ये (दुसऱ्या साइटवरून आलेल्यांच्या यादीत) त्यांचं डोमेन दिसतं, पण बातमी कोणती ते दिसत नाही.

तिसरं, रेफरलच्या यादीत पेमेंट गेटवे आहे, 'कॉम.गूगल.अँड्रॉइड' असं काहीतरी लांबलचक आहे, आणि एक अनोळखी डोमेन आहे ज्याचा खाण्यापिण्याशी काही संबंध दिसत नाही.

शिवाय 'पेजेस अँड स्क्रीन्स'मध्ये सोर्स लावून पाहिला, तर रश्श्याच्या पानाचे आकडे 'लँडिंग पेज'शी जुळत नाहीत. डब्यांवर क्यूआर स्टिकर लावायचा विचार आहे, त्याआधी हे समजून घ्यायचं आहे.

---

धंतोलीचा_रेफरर

'डायरेक्ट' हे नावच फसवं आहे. 'कुठून आला ते कळलं नाही' अशा सगळ्यांची ती पेटी आहे. पत्ता टाइप करून येणारे त्यात असतात, पण थोडे.

मागे काय घडतं ते आधी पाहा. कोणी दुसऱ्या साइटवरच्या लिंकवर टिचकी मारली की ब्राउझर तुमच्या सर्व्हरला पान मागताना एक ओळ सोबत पाठवतो: 'मी अमुक ठिकाणाहून आलो'. हाच रेफरर. (१९९६ च्या एचटीटीपी दस्तऐवजात त्याच्या इंग्रजी स्पेलिंगमधला एक 'आर' राहून गेला. हेडरचं नाव आजही तसंच चुकीचं आहे.) जीए४ आधी लिंकला लावलेली खूण पाहतं, म्हणजे युटीएम (लिंकच्या शेवटी आपण जोडलेले सोर्स-मीडियमचे शब्द) किंवा गूगल जाहिरातींची जीक्लिड. ती नसेल तर रेफरर पाहतं. दोन्ही नसतील आणि त्या माणसाचा आधीचाही काही माग नसेल, तर डायरेक्ट. हे शेवटचं महत्त्वाचं आहे: आधी गूगलवरून आलेला माणूस आठ दिवसांनी बुकमार्कवरून आला, तरी जीए४ त्याला बहुधा गूगलच्याच खात्यात टाकतं. त्यामुळे तुमच्याकडे जे डायरेक्ट उरलं आहे, त्यांचा कुठलाच माग सापडलेला नाही.

रेफरर हरवतो कुठे? व्हॉट्सॲपवर आलेली लिंक, एसएमएस, फोनवर उघडलेली पीडीएफ, क्यूआर, संगणकावरचं मेल सॉफ्टवेअर. यातलं काहीच वेब पान नाही, त्यामुळे 'कुठून' सांगायला ब्राउझरकडे काही नसतं. दुसरा प्रकार, लिंक देणाऱ्या साइटनेच 'नोरेफरर' लावलेलं असणं. 'नोफॉलो' आणि 'नोओपनर' यांनी रेफरर हरवत नाही, लोक या तिघांची सरमिसळ करतात. तिसरा, एचटीटीपीएस पानावरून साध्या एचटीटीपी पानावर येणं. तुमची साइट पूर्ण एचटीटीपीएस असेल तर हा प्रश्न नाही, पण छापील कार्डावर आणि जुन्या बातम्यांत साधा पत्ता दिलेला असेल तर तपासा.

आता पोर्टलची बातमी. फक्त डोमेन दिसणं ही तुमच्या सेटिंगची चूक नव्हे. क्रोमने २०२० मध्ये ८५ व्या आवृत्तीपासून आणि फायरफॉक्सने २०२१ मध्ये ८७ व्या आवृत्तीपासून मूळ धोरण बदललं: दुसऱ्या साइटवर जाताना पूर्ण पत्ता द्यायचा नाही, फक्त डोमेन द्यायचं. पूर्ण पत्ता हवा तर लिंक देणाऱ्या साइटने तशी मुद्दाम परवानगी द्यावी लागते. ती कोणी देत बसत नाही.

मग बातमी शोधायची कशी? सर्च कन्सोलमध्ये 'लिंक्स', तिथे 'टॉप लिंकिंग साइट्स', त्यात पोर्टलचं डोमेन. ते उघडलं की तुमच्या कोणत्या पानांना त्यांनी लिंक दिली ते दिसतं. त्या पानावर टिचकी मारली की त्यांची पानं दिसतात. ही यादी नमुन्यादाखल असते आणि ताजी बातमी यायला वेळ लागतो. तोवर गूगलमध्ये इंग्रजीत 'साइट' हा शब्द, कोलन (दोन टिंबं) आणि मध्ये जागा न सोडता त्यांचं डोमेन टाका, पुढे दुकानाचं नाव. दोन मिनिटांत सापडतं. मात्र या अहवालात लिंक किती आहेत ते असतं, त्यावरून माणसं किती आली ते नसतं. शंभर लिंकांवरून एकही माणूस न येणं अगदी शक्य आहे.

आकडे का जुळत नाहीत? 'पेजेस अँड स्क्रीन्स'मध्ये सेशनचा (म्हणजे एका सलग भेटीचा) सोर्स लावला, की तो सोर्स त्या सेशनमधल्या प्रत्येक पानाला चिकटतो. कोणी गूगलवरून मुखपृष्ठावर आला, तिथून बर्फी, तिथून रस्सा, तर रश्श्याच्या पानापुढेही गूगलच लागतं. गूगलने त्याला रश्श्यावर पाठवलेलं नसतं, तुमच्याच मेनूने पाठवलेलं असतं. 'बाहेरून थेट या पानावर कोण आलं' हा प्रश्न असेल तर 'लँडिंग पेज'च पाहायचं.

कृती अशी: रिपोर्ट्स, एंगेजमेंट, लँडिंग पेज. मेनूची मांडणी वेगळी असेल तर वरच्या शोधपट्टीत नाव टाका. तक्त्याच्या पहिल्या स्तंभाशेजारच्या अधिक चिन्हावर टिचकी, 'सेशन सोर्स / मीडियम' निवडा, वरच्या शोधात पानाच्या पत्त्याचा तुकडा टाका. 'फर्स्ट यूजर सोर्स' निवडू नका. तो माणूस आयुष्यात पहिल्यांदा कुठून आला ते सांगतो, आज कुठून आला ते नाही.

अजून खोल जायचं तर 'एक्सप्लोर'मध्ये फ्री फॉर्म. ओळींत 'पेज रेफरर', त्याखाली 'पेज लोकेशन', मूल्यात 'व्ह्यूज', आणि फिल्टरमध्ये पेज रेफररमध्ये स्वतःचं डोमेन नसलेल्याच ओळी. हा फिल्टर विसरलात तर नव्वद टक्के ओळी तुमच्याच पानांच्या येतील. आणि आजच ॲडमिनमध्ये 'डेटा रिटेन्शन' पाहा. मूळ सेटिंग २ महिन्यांचं असतं, ते १४ महिन्यांवर न्या. नाहीतर पुढच्या अधिवेशनात या अधिवेशनाशी तुलना करायला एक्सप्लोरमध्ये काही उरणार नाही. पुसलं गेलेलं परत येत नाही.

---

बर्डी_वेबवाला

भाऊ, एवढं कशाला? गेटवे आणि ते अनोळखी डोमेन दोन्ही 'अनवॉन्टेड रेफरल्स'मध्ये टाका. ॲडमिन, डेटा स्ट्रीम्स, तुमचा वेब स्ट्रीम, कॉन्फिगर टॅग सेटिंग्ज, शो ऑल, लिस्ट अनवॉन्टेड रेफरल्स. विषय संपला.

---

धंतोलीचा_रेफरर

@बर्डी_वेबवाला, गेटवेसाठी बरोबर, त्या अनोळखी स्पॅम डोमेनसाठी चूक. त्या यादीत डोमेन टाकलं की जीए४ फक्त त्याला रेफरर मानणं सोडतं. भेट तशीच मोजली जाते आणि डायरेक्टमध्ये जाऊन बसते. म्हणजे ज्या पेटीचा उपसा करायचा आहे, तिच्यातच कचरा ओतला.

गेटवेचं नीट समजून घ्या. गिऱ्हाईक पैसे भरायला गेटवेच्या डोमेनवर जातं आणि 'धन्यवाद' पानावर परत येतं, तेव्हा रेफरर असतो गेटवेचा. जीए४ मध्ये सोर्स बदलल्यामुळे नवं सेशन सुरू होत नाही (जुन्या युनिव्हर्सल ॲनालिटिक्समध्ये होत असे, ते १ जुलै २०२३ ला बंद झालं), पण खरेदीचं श्रेय गेटवेच्या नावावर चढू शकतं. मग अहवाल पाहून वाटतं की गेटवेच सगळ्यात जास्त बर्फी विकतो. यादीत टाकताना 'रेफरल डोमेन कंटेन्स' ही अट घ्या आणि फक्त मूळ डोमेन लिहा, कारण गेटवेची उपडोमेनं बदलत असतात. बँकेचं ओटीपी पान मध्ये येत असेल तर त्या बँकांची डोमेनंही अधूनमधून यादीत दिसतील, तीही घाला. बदल लावल्यापासून पुढेच लागू होतो, मागचे आकडे तसेच राहतात.

अनोळखी डोमेन: उत्सुकतेपोटी ते उघडू नका. त्यांना तेच हवं असतं. एक्सप्लोरमध्ये त्या सोर्सपुढे 'होस्टनेम', 'देश' आणि 'सरासरी एंगेजमेंट वेळ' लावा. होस्टनेम तुमचं नसेल किंवा वेळ शून्याच्या आसपास आणि सगळे एकाच दूरच्या देशातले असतील, तर तो बॉट. अहवाल पाहताना फिल्टरने वगळायचा, बस.

'कॉम.गूगल.अँड्रॉइड' वालं मात्र खरं आहे. त्यातलं 'क्विकसर्चबॉक्स' म्हणजे फोनवरचं गूगल ॲप, आणि शेवटी 'जीएम' असेल तर जीमेल ॲप. ती माणसं आहेत, घालवू नका.

---

लॉगवाला_महाल

राजेहो, जीए४ वरच काहून अडकले? शेअर्ड होस्टिंग आहे म्हणता, म्हणजे बहुतेक सीपॅनेल असेल. त्यात 'रॉ ॲक्सेस' नावाचं चिन्ह पाहा. आधी 'लॉग जपून ठेवा' ही खूण चालू करा, नाहीतर जुनी फाइल पुसली जाते. मग फाइल उतरवून घ्या.

एका ओळीत असतं ते असं: आयपी, वेळ, मग अवतरणचिन्हांत मागणी (कोणतं पान), मग २०० किंवा ३०१ असा प्रतिसाद, बाइट्स, मग अवतरणचिन्हांत रेफरर, आणि शेवटी अवतरणचिन्हांत ब्राउझरची ओळख. रेफररच्या जागी नुसती आडवी रेघ असली की रेफरर आलाच नाही.

लिनक्सवर 'ऑक' या कमांडला दुहेरी अवतरणचिन्ह विभाजक म्हणून द्या. दुसरा तुकडा मागणी, चौथा रेफरर, सहावा ब्राउझर. आधी 'ग्रेप'ने रश्श्याच्या पानाच्या ओळी काढा, मग चौथा तुकडा, मग सॉर्ट, युनिक मोजणीसकट, परत उलट्या क्रमाने सॉर्ट. ३ मिनिटांचं काम. स्वतःचं डोमेन वगळा.

आता यातली गंमत. ब्राउझरच्या रकान्यात 'व्हॉट्सॲप' आणि आवृत्तीचा आकडा अशा ओळी दिसतील. तो वाचणारा माणूस नाही. कोणी चॅटमध्ये लिंक चिकटवली की त्याचा फोन चित्र आणि शीर्षक आणायला तुमच्या साइटवर येतो, त्याची ती ओळ. चित्र पाठवणाऱ्याच्या फोनवर तयार होतं आणि मेसेजबरोबर जातं, वाचणाऱ्यांचे फोन त्यासाठी येत नाहीत. म्हणजे अशा २० ओळी म्हणजे साधारण २० वेळा कोणीतरी लिंक चिकटवली. पुढे ग्रुपमध्ये ती ५ जणांनी वाचली की ५००, ते यातून कळत नाही. पण पहिली ओळ किती वाजताची आहे ते पाहा, आणि त्यानंतर आडवी रेघ असलेल्या, मोबाइलवरच्या ओळी कशा वाढल्या ते पाहा. दोन्ही लागोपाठ असेल तर तुमचा 'डायरेक्ट' कुठून आला ते समजून घ्या.

वेळ वाचताना घोटाळा करू नका. पुष्कळ होस्टिंगचे सर्व्हर युटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) असतात, ओळीत चार शून्यं दिसतात. आपली वेळ काढायला साडेपाच तास मिळवा. लॉगमध्ये पहाटे साडेचार म्हणजे इथे सकाळचे दहा.

फेसबुकवरून आलेले 'एल.फेसबुक' किंवा 'एलएम.फेसबुक' म्हणून येतात, इन्स्टाग्रामचे 'एल.इन्स्टाग्राम', एक्सचे 'टी.को'. फेसबुक-इन्स्टा आपल्याच ॲपमध्ये पान उघडतात, म्हणून रेफरर गायब असला तरी सहाव्या तुकड्यात त्यांची ओळख सापडते. व्हॉट्सॲप लिंक फोनच्या नेहमीच्या ब्राउझरकडे देतं, तिथे तशी खूण राहत नाही.

दोन सूचना. साइटपुढे सीडीएन (पानांच्या प्रती साठवून त्याच देणारी सेवा) बसवलं असेल तर कॅशमधून दिलेली पानं तुमच्या सर्व्हरपर्यंत पोचतच नाहीत, लॉग अपुरा असेल. आणि लॉगच्या ओळी इथे चिकटवू नका, त्यात लोकांचे आयपी असतात.

---

इतवारीचा_डबा

कमाल आहे. लॉग काढला. सोमवारी सकाळी सव्वादहाच्या सुमारास व्हॉट्सॲपच्या ओळी सुरू, आणि अकरापासून रेफरर नसलेल्या मोबाइल भेटी वाढत गेल्या. मंगळवारी दुपारपर्यंत ओसरल्या. म्हणजे कुठल्यातरी ग्रुपमध्ये फिरलं.

आता नवीन दोन प्रश्न. लँडिंग पेजमध्ये एक ओळ 'नॉट सेट' आहे, ती काय? आणि आधी बहिणीने इन्स्टासाठी युटीएम लावून लिंक दिली होती, ती 'अनअसाइन्ड'मध्ये गेली. काय चुकलं?

---

मोजपट्टी_ताई

'नॉट सेट' आधी उरकते. ज्या सेशनमध्ये पान उघडल्याची नोंदच नाही, त्याला प्रवेशाचं पान कुठून असणार? कोणी टॅब उघडा ठेवून जेवायला गेलं, अर्ध्या तासाने (सेशनची मूळ मुदत ३० मिनिटं असते) परत येऊन नुसतं स्क्रोल केलं, की नवं सेशन सुरू होतं पण पान नव्याने उघडलेलं नसतं. थोडं असेल तर सोडून द्या. खूप असेल तर टॅग (पानावरचा जीए४ चा कोड) दोनदा किंवा उशिरा लागतो का ते तपासा. वर्डप्रेसमध्ये थीममध्ये एक आणि प्लगिनमध्ये एक, असा दुहेरी टॅग नेहमी सापडतो.

युटीएम. मी पैज लावते, बहिणीने मीडियममध्ये 'इन्स्टाग्राम', 'बायो' किंवा असं काहीतरी लिहिलं असेल. सोर्स म्हणजे जागा, मीडियम म्हणजे प्रकार. जीए४ चॅनल (भेटींचा गट) ठरवताना मीडियमसाठी ठरलेले शब्द ओळखतं: सोशल, ईमेल, एसएमएस, रेफरल असे. तुमचा सोर्स आणि मीडियम कुठल्याच नियमात बसले नाहीत की 'अनअसाइन्ड'. इन्स्टाच्या बायोसाठी 'युटीएम_सोर्स=इन्स्टाग्राम', 'युटीएम_मीडियम=सोशल', 'युटीएम_कॅम्पेन=बायो' असं हवं. इथे देवनागरीत लिहिते आहे, लिंकमध्ये हे सगळं इंग्रजी लहान अक्षरांत. मोठं आणि लहान अक्षर जीए४ वेगळं धरतं, त्यामुळे एकाच इन्स्टाच्या तीन ओळी होतात. शब्दांत जागा सोडू नका, जोडरेघ वापरा.

पहिली खूण प्रश्नचिन्हानंतर, पुढच्या सगळ्या 'अँड'च्या चिन्हाने जोडायच्या. पत्त्यात आधीच प्रश्नचिन्ह असेल तर दुसरं टाकू नका, हे वूकॉमर्सच्या फिल्टर लावलेल्या पानांवर हटकून चुकतं. आणि पत्त्यात हॅश असेल तर युटीएम हॅशच्या आधी यायला हवं.

सगळ्या लिंका एका शीटमध्ये ठेवा आणि नवी लिंक त्यातूनच बनवा. घरातली तीन माणसं तीन स्पेलिंगनी लिंका बनवायला लागली की महिन्याभरात अहवाल वाचण्याजोगा राहत नाही.

कुठे लावायचं: व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्टला, पानावरच्या 'शेअर करा' बटणाला, इन्स्टा बायोला, बिलाच्या ईमेलला, गूगलवरच्या व्यवसाय प्रोफाइलमधल्या वेबसाइट बटणाला. त्या शेवटच्याला सोर्स गूगल, मीडियम ऑरगॅनिक आणि कॅम्पेनमध्ये 'प्रोफाइल' द्या. म्हणजे ती भेट सर्चच्याच चॅनलमध्ये राहते आणि तरी वेगळी काढता येते.

कुठे लावायचं नाही: स्वतःच्या साइटवरच्या आतल्या लिंकांना. मुखपृष्ठाच्या बॅनरवरून बर्फीच्या पानावर जाताना युटीएम लावलं, की गूगलवरून आलेल्या माणसाचं श्रेय तुमच्याच बॅनरला जातं. ही चूक मोठमोठ्या साइटींवरही दिसते.

क्यूआरचं सविस्तर सांगते, कारण स्टिकर छापल्यावर दुरुस्ती नाही. लांब युटीएम लिंक सरळ क्यूआरमध्ये घालू नका. जेवढी अक्षरं जास्त, तेवढे ठिपके बारीक, आणि बर्फीच्या डब्यावर तुपाचा हात लागलेला स्टिकर मग स्कॅन होत नाही. स्वतःच्या डोमेनवर एक छोटा पत्ता करा, उदाहरणार्थ डोमेननंतर तिरकी रेघ आणि 'डी१'. तो युटीएमसकट पूर्ण पत्त्याकडे वळवा. वळवणं ३०२ (तात्पुरतं) ठेवा, ३०१ (कायमचं) नको. ३०१ ब्राउझर लक्षात ठेवतो, आणि उद्या तुम्ही क्यूआर दिवाळीच्या पानाकडे वळवलात तरी जुनं गिऱ्हाईक जुन्याच पानावर पोचतं. बर्फीच्या डब्याला 'डी१', मसाल्याच्या पाकिटाला 'डी२', दुकानातल्या काउंटरला 'डी३', म्हणजे कोणता स्टिकर चालतो ते कळेल. आकार २ सेंटिमीटरपेक्षा लहान नको, आणि चारही बाजूंना कोरी जागा सोडा. छापायला देण्यापूर्वी एकाच स्टिकरचा प्रिंट काढून दोन-तीन फोनवर, दुकानातल्या उजेडात स्कॅन करा आणि जीए४ च्या रिअलटाइममध्ये भेट दिसते का ते बघा. मीडियम 'क्यूआर' दिलंत तर तेही अनअसाइन्डमध्ये जाईल, त्यासाठी ॲडमिनमध्ये 'चॅनल ग्रुप्स'मधून 'छापील' नावाचा स्वतःचा चॅनल करा आणि नियम द्या: मीडियम बरोबर 'क्यूआर'.

एक खोच आहे. क्यूआरवरून आलेल्या माणसाच्या पत्तापट्टीत युटीएमसकट पत्ता राहतो. त्याने तो कॉपी करून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला, की पुण्या-मुंबईतले पन्नास जण 'डब्यावरचा क्यूआर' म्हणून मोजले जातात. शहर पाहून शंका येते, पण मोबाइल नेटवर्कवर शहरही खात्रीचं नसतं, नागपूरचा माणूस मुंबईत दाखवला जातो. उपाय असा की टॅगने नोंद पाठवली की छोट्या स्क्रिप्टने पत्तापट्टीतलं युटीएम पुसून टाकायचं. क्रम उलटा झाला, आधी पुसलं आणि मग टॅग चालला, तर सगळे पुन्हा डायरेक्ट. स्क्रिप्ट जमणार नसेल तर राहू द्या, फक्त आकडा वाचताना हे ध्यानात ठेवा.

---

बर्डी_वेबवाला

स्पॅमबद्दल माझी चूक, मान्य. ताईंच्या यादीत एक भर: हल्ली 'चॅटजीपीटी' आणि 'पर्प्लेक्सिटी' यांची डोमेनंही रेफरलमध्ये येतात. चॅटजीपीटी पुष्कळदा स्वतःच युटीएम सोर्स लावून लिंक देतं, पण मीडियम देत नाही. म्हणून एकाच जागेच्या दोन वेगळ्या ओळी दिसू शकतात, एक रेफरल आणि एक 'नॉट सेट' मीडियमची. बेरीज करूनच वाचा.

आणि रीडायरेक्ट प्लगिन वापरत असाल तर ते प्रश्नचिन्हानंतरचा भाग पुढे नेतं की टाकून देतं ते तपासा. जुन्या पत्त्यावरून नव्यावर वळवताना युटीएम गळून पडलं तर कोणाला पत्ताही लागत नाही. खाजगी विंडोत लिंक उघडा, पान उघडल्यावर पत्तापट्टीत युटीएम आहे का बघा. दहा सेकंदांचं काम.

---

इतवारीचा_डबा

टॅग दुहेरीच निघाला, थीममधला काढला. मीडियममध्ये बहिणीने 'इन्स्टा-स्टोरी' लिहिलं होतं. ताई, पैज जिंकलात, बर्फी पक्की. स्टिकर 'डी१' ते 'डी३' करतो.

शेवटचं विचारतो: सर्च कन्सोलमध्ये त्या पानाचे सोमवारचे क्लिक आणि जीए४ मधले सोमवारचे गूगल-ऑरगॅनिक सेशन जुळत नाहीत. खरा कोणता धरायचा?

---

धंतोलीचा_रेफरर

दोन्ही आपापल्या जागी खरे. क्लिक गूगलच्या निकालपानावर मोजला जातो, सेशन तुमच्या पानावर टॅग चालला तरच. पान उघडायच्या आत परत फिरलेला, जाहिरातरोधक वापरणारा, कुकीला नाही म्हणणारा, हे सगळे क्लिकमध्ये असतात आणि सेशनमध्ये नसतात. उलट, सर्च कन्सोल फक्त गूगल सर्च मोजतं आणि पान त्याच्या मूळ पत्त्याखाली धरतं, म्हणजे कॅनॉनिकल. युटीएम लावलेले पत्ते तिथे बहुतेक मूळ पत्त्यातच मिसळतात, जीए४ मध्ये वेगळा रकाना निवडलात तर सुटे दिसतात. लोक कोणते शब्द शोधून आले ते हवं असेल तर ते फक्त सर्च कन्सोलमध्येच मिळेल, आणि तिथेही विरळ शब्द गोपनीयतेसाठी लपवलेले असतात, म्हणून शब्दांची बेरीज पानाच्या एकूण क्लिकपेक्षा कमी येते.

पण तुमच्या 'सोमवारा'चा घोळ वेगळाच असावा. सर्च कन्सोलचा रोजचा आकडा अमेरिकेच्या पॅसिफिक वेळेने धरला जातो. डिसेंबरात ती आपल्यापेक्षा साडेतेरा तास मागे असते. तिथला सोमवार नागपुरात सोमवारी दुपारी दीडला सुरू होतो आणि मंगळवारी दुपारी दीडला संपतो. तुमचा सकाळचा सगळा ओघ त्यांच्या रविवारात गेला आहे. रविवार ते मंगळवार एकत्र घेऊन बघा, आणि जीए४ च्या प्रॉपर्टी सेटिंगमध्ये भारतीय वेळ निवडलेली आहे का तेही एकदा पाहून घ्या.